माघातला गळ

कृष्णाकाठी मासे कधी धरायचे असं कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल. मिरगात. पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांचं तांबडं पाणी नदीला मिळालं की नदीतला मासा उलट अंगानं ओढ्यात चढायला लागतो. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. पोटात गाभोळी भरलेली, पाणी गढूळ आणि अंगाला वर जायची ओढ. माणूस त्याला दिसत नाही, आणि दिसला तरी तो थांबत नाही. रात्री बॅटऱ्या, पोती, घमेली, जुनी लुगडी, जे हाताला येईल ते घेऊन गाव ओढ्यात उतरतं. गुडघाभर पाण्यात माणसं काठीनं मासे मारतात. सकाळी सगळ्या आळीला एकच वास.

त्या वासानं माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू? पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच एका हंगामाबद्दल. तो गावाच्या हिशेबात नव्हताच. पौष संपता संपता सुरू व्हायचा आणि शिवरात्रीला मोडायचा. या हंगामात नदीवर एकच माणूस दिसायचा, ते म्हणजे माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली आणि बह्याच्या वर, कृष्णेच्या वळणावर. सातारा जिल्हा कुठं संपतो आणि सांगली कुठं सुरू होते हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना नीट सांगता यायचं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा दक्षिण सातारा आणि माझ्या दाखल्यावर सांगली. घर तेच. नदीला यातलं काही माहीत नव्हतं. वरून कोयना घेऊन यायची आणि खाली हरिपुराला वारणा घेऊन पुढं जायची.

माघात ती नदी आरशासारखी निवळ व्हायची. पावसाचा गढूळपणा दिवाळीपर्यंत बसलेला असायचा, बंधाऱ्याला बरगे घातलेले असायचे आणि डोहातलं पाणी हिरवंगार, गार, जागच्या जागी. सकाळी त्यावर वाफ तरंगायची. या दिवसांत मासा धरणं जवळपास वेडेपणाच. माशाचं रक्त आपल्यासारखं ऊबदार नसतं. पाणी गार झालं की त्याचं अंगही गार होतं, हालचाल मंदावते, पचन मंदावतं आणि भूक मरते. तो खोल डोहात जाऊन बसतो, कारण तिथं रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन यांचा फरक फारसा पोचत नाही. दिवसातून कधीतरी, उन्हानं उथळ पाणी जरा कोमट झालं की तो कडेला येतो, दगडावरचं काहीबाही चाखतो आणि परत जातो.

तात्या नदीवर जायचे ते दुपारी दोननंतर. सकाळी मासे धरायला जाणारा माणूस थंडीत फक्त स्वतःच गारठून येतो, असं त्यांचं मत. वेळूची काठी, तंगूस, बुडीसाठी मोरपिसाचा दांडा, आणि कणकेत शेंगपेंड मळून केलेल्या गोळ्या. एकच गळ. पाण्यावर सावली पडू नये म्हणून ते पश्चिमेला तोंड करून, काठापासून दोन पावलं मागं, पोत्यावर बसायचे. मला बरोबर न्यायचे, पण बोलू द्यायचे नाहीत. कोयनेतनं पाणी सोडलं आणि डोह हलायला लागला की गुंडाळून घरी. दिवस बुडाला की घरी. दहा वेळा गेले तर आठ वेळा रिकाम्या हातानं. वाटेत ऊसतोडीच्या फडावरची माणसं विचारायची, “काय तात्या, गावलं का?” तात्या म्हणायचे, “आज त्येची मर्जी नव्हती.”

तो मासा म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला. तात्या त्याला नुसतं खवल्या म्हणत. पुस्तकातलं नाव महाशीर. दख्खनच्या या जातीला शास्त्रीय नाव दिलं ते सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं, १८३९ साली, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. जातीच्या नावात त्यानं ‘खुद्री’ हा इकडचाच शब्द घातला. आमच्या पट्ट्यात तो तेव्हाही कमीच होता. मरळ, वाम, शिंगाळा हे नेहमीचे. पण तात्यांना खवल्याच पाहिजे असायचा.

आता खरी गोष्ट. आमची आजी, म्हणजे तात्यांची आई, माळकरी होती. तिच्या भांड्याला मासा शिवायचा नाही, तात्यांची चूल त्या दिवशी परड्यात मांडली जायची. पण तिचा राग मासे खाण्यावर फारसा नव्हता. मिरगात अख्खं गाव मासे धरायचं, तेव्हा ती काही बोलायची नाही. जाळ्यावरही बोलायची नाही. तिचा राग गळावर होता. एकदा जेवताना ती तात्यांना म्हणाली, “जाळंवाला निदान चोरावानी येतो आन् धरून नेतो. तू त्येला घास दावतोस. घास दावून जीव घ्यायचा, ह्ये लई वंगाळ.”

तिचं म्हणणं सहज बाजूला सारता येत नाही. आपली भाषाच तिच्या बाजूनं आहे. एखाद्याला लालूच दाखवून फसवला की आपण म्हणतो गळाला लागला. निवडणुकीत फुटलेल्या सदस्याबद्दल म्हणतो, गळाला लागला. गळ टाकणं म्हणजे फसवणं. जेवू घालतो असं दाखवून मारणं हे कुठल्याही धर्मात, कुठल्याही गावात हलकंच मानलं गेलं आहे. मग मासा आहे म्हणून ते चालतं का?

तात्यांनी हातातला घास खाली ठेवला नाही. खाता खाता म्हणाले, “म्हणून तर थंडीत टाकतो आये. भुकेल्याला न्हाई फसवत.”

त्या वेळी मला हे नुसतं तोंडपाटीलकीचं उत्तर वाटलं. पुढं पुष्कळ वर्षं मी ते मनात घोळवत राहिलो आणि त्यात किती अर्थ भरला आहे ते हळूहळू दिसायला लागलं. मिरगातला मासा नाही म्हणू शकत नाही. त्याला अंडी घालायची आहेत, त्याला वर जायचंच आहे. वाटेत पोतं असो की माणूस, त्याला दुसरा रस्ता नाही. वैशाखातला मासाही नाही म्हणू शकत नाही. पूर्वी, उपसा योजनांचं पाणी नदीत खेळायच्या आधी, उन्हाळ्यात नदीची नुसती दोरी राहायची आणि दोन डोहांच्या मधल्या डबक्यात मासे अडकून पडायचे. पोरंसुद्धा ते हातानं काढायची. माघातल्या माशाचं तसं नसतं. पाणी निवळ असतं, त्याला तंगूस दिसू शकतो. डोह खोल असतो, त्याला जायला जागा असते. आणि मुख्य म्हणजे त्याला भूक नसते. पुढ्यात आलेली गोळी तो सोडून देऊ शकतो, आणि दहातल्या आठ वेळा सोडून देतोच.

याला मी माशाची नाही म्हणायची मुभा म्हणतो. तात्यांनी असा शब्द कधी वापरला नाही. पण त्यांचे सगळे रिवाज या एका गोष्टीभोवती होते. एकच गळ, दिवस बुडाला की बंद, आणि धरलेला मासा त्याच रात्री घरात शिजलाच पाहिजे. जिलेटीनवाल्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. विहिरीच्या सुरुंगातली एखादी कांडी मागं ठेवायची आणि डोहात फोडायची हा धंदा आमच्याकडं बराच चालायचा. सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, पण नदीच्या वळणावर कायदा कोण बघतो! स्फोटानंतर तरंगून वर आलेले थोडे हाती लागतात, बाकीचे तळाला जाऊन कुजतात. तात्या म्हणायचे, “ही शिकार न्हवं, ही दरोडेखोरी.”

इथवर सगळं तात्यांच्या बाजूनं झालं. पण त्याच डोहावर आणखी एक माणूस होता, भोईमामा. पलीकडच्या काठाला त्यांची चार घरं. पूर्वी गुळाच्या काहिलीतून माणसं पैलतीराला न्यायचे, पूल झाल्यावर ते बंद पडलं आणि नुसती मासेमारी उरली. मामा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून रात्री जाळं लावायचे आणि पहाटे काढायचे. थंडीत तर जास्तच, कारण मासा डोहात गोळा झालेला असतो आणि सुस्त असतो. तात्या आणि मामा एकमेकांना तंबाखू द्यायचे, पण तात्यांच्या मनात जाळ्याविषयी अढी होती. एका संध्याकाळी माझ्यादेखत त्यांनी ती बोलून दाखवली. म्हणाले, “मामा, झोपलेल्या माशावर जाळं टाकता.”

मामा हसले. चिडले नाहीत. म्हणाले, “तात्या, तुमच्या माशाला न्हाई म्हणता येतंय, आन् तुमालाबी रिकामं घरी जाता येतंय. कणगीत जुंधळा हाय. माझ्या घरात सा तोंडं. मला कोन न्हाई म्हणू देतंय?”

तात्या त्या दिवशी परत येताना काही बोलले नाहीत.

मला वाटतं, शिकारीतला न्याय, खेळातला न्याय याबद्दल जे जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं कणगीत जुंधळा असलेल्यांनी लिहिलेलं असतं. मामांना तात्यांची फूटपट्टी लावायची असेल, तर आधी मामांच्या कणगीत जुंधळा घालायला हवा. आणि मामा काही बेफाम नव्हते. त्यांच्या जाळ्याची घरं मोठी होती, बोटाएवढा मासा त्यातून निघून जायचा. बारीक घरांचं जाळं स्वस्त मिळायचं, तरी ते त्यांनी घेतलं नाही. पोटासाठी धरणाऱ्यानं उद्याच्या माशाला दिलेली ती वाटच होती. तात्यांची मुभा आज समोर आलेल्या माशाला होती, मामांची पुढच्या वर्षीच्या माशाला. यातली मोठी कुठली हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही वाटत नाही.

आमचा एक भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. त्यालाही हा नाद लागला. तिकडं नदीत चब नावाचा मासा असतो, महाशीराच्याच, म्हणजे कार्पच्या कुळातला. कडाक्याच्या थंडीत बाकीचे मासे तोंड उघडत नाहीत, तेव्हाही हा खातो. त्यामुळं तिकडचे गळवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये हातमोजे घालून त्याच्यामागं असतात. त्याला पाव आणि चीज आवडतं म्हणे, आपल्या पेंडीसारखंच. वॉल्टन नावाच्या लेखकाच्या १६५३ सालच्या मासेमारीवरच्या प्रसिद्ध पुस्तकात चब कसा रांधावा हे दिलेलं आहे. आता मात्र तो सहसा कुणी खात नाही, काटे फार. धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि अलगद पाण्यात सोडायचा.

भाच्यानं असाच एक फोटो पाठवला होता. तात्या तेव्हा थकले होते, डोळ्याला कमी दिसायचं. फोटो डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ मासा पाहिला, खवल्यासारखाच आहे म्हणाले. सोडून दिला असं सांगितल्यावर मात्र गोंधळले. “खायाचा न्हाई तर धरायचा कशापायी? त्या बापड्याला वाटलं आसंल, मेलो.”

भाच्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तात्यांनी धरला की नदीतला एक मासा कमी होतो. मी धरला तर एकही कमी होत नाही. मग वाईट कोण?”

हिशेब बरोबर आहे. तरी मला तो पटत नाही. हा फक्त नदीचा हिशेब झाला, त्या एका माशाचा नव्हे. माशाला दुखतं का हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणवणाऱ्या नसा असल्याचं दाखवलं. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण दुखत असण्याची शक्यता असताना नुसत्या मौजेसाठी दुखवायचं, याला दया म्हणणं मला जड जातं. गंमत म्हणजे स्वित्झर्लंडनं २००८ च्या प्राणिरक्षणाच्या नियमांत सोडून देण्याच्या हेतूनं मासा धरायलाच मनाई केली. तात्यांचं म्हणणं तिकडं कायद्यात जाऊन बसलं.

पण त्याच इंग्लंडातली दुसरी एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिथं १४ मार्चला नदीवरचा हंगाम संपतो आणि १६ जूनपर्यंत काठी उचलायची नाही. मासे अंडी घालतात ते हे दिवस. आपल्याकडं समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते. आणि ओढ्यात? ओढ्यात आपण नेमके त्याच दिवशी पोती घेऊन उतरतो. गाभोळीची चव लागते म्हणून. माघात सात-आठ मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याला पापी म्हणणारं गाव मिरगाच्या एका रात्रीत किती हजार अंडी तळून खातं, याचा विचार माझ्या आजीनंही कधी केला नसावा.

हे सगळे वाद, म्हणजे गळ की जाळं, खायचा की सोडायचा, हे नदी जिवंत असल्याचे वाद होते. ते कसे एका सकाळी पोरके झाले ते सांगतो.

कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आला की आमच्याकडं नदीला एक वास येतो. वर्तमानपत्रं त्याला मळीमिश्रित पाणी म्हणतात. ती मळी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. थंडीत गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, म्हणून काही काळ निभतं. शिवरात्रीनंतर पाणी तापायला लागलं, बंधाऱ्यामागं ते तुंबलेलं असलं आणि त्यात रात्रीतून मळी आली की माशाला श्वास पुरत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या पट्ट्यात मेलेल्या माशांचा खच पडला, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. पण आमच्या डोहावर हे त्याच्या कितीतरी आधीपासून होत आलं आहे.

त्या सकाळी मी तात्यांच्या हाताला धरून नदीवर गेलो. पाणी चहासारखं झालं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, शेकड्यांनी. मरळीसारखा वरची हवा घेणारा मासा तेवढा धडपडत होता, बाकीचे कुशीवर झाले होते. खोल डोहातले, तात्यांनी कधी पाहिले नव्हते एवढे मोठे खवलेही त्यात होते. काठावर गर्दी. माणसं टोपल्या, पोती घेऊन पाण्यात उतरली होती. माळ घातलेली दोन-चार माणसंही बघायला आली होती आणि हळहळत होती. वरच्या अंगाच्या कुठल्यातरी कारखान्यानं सोडलंय एवढंच सगळे म्हणत होते. कुणी, किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून, ते कुणालाच माहीत नव्हतं. पंचनामा झाला, बाटलीत पाणी भरून नेलं.

एका पोरानं हातभर लांबीचा खवल्या आणून तात्यांपुढं धरला. “घ्या तात्या, तुमचा.” तात्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, “ह्यो धरलेला न्हवं, ह्यो पडल्याला.”

भोईमामा मात्र पाण्यात होते. दोन्ही मुलं, सूना, सगळी पाण्यात. मला पाहून ते क्षणभर थांबले. मी काही विचारलं नव्हतं. तरी तेच म्हणाले, “दादा, आज जेवढं गावंल तेवढंच. फुडं दोन-तीन साल हितं काय न्हाई.” आणि परत वाकले.

मासा मारणारा आजवर नेहमी समोर असायचा. गळवाला काठावर दिसायचा, जाळंवाला ट्यूबवर दिसायचा. मिरगातलं गाव दिसायचं, जिलेटीनवालासुद्धा निदान आवाजानं कळायचा. कुणाला तरी पाप लागायचं, कुणाशी तरी भांडता यायचं. आजी तात्यांना बोलू शकत होती, तात्या मामांना, मामा तात्यांना. त्या सकाळी हजारो मासे मेले आणि ते कुणी मारलेच नव्हते. झडप फिरवणारा पगारी माणूस असणार, त्याला सांगणारा दुसरा पगारी, आणि त्या कारखान्यात ऊस घालणारे आम्हीच, काठावर हळहळणारे. माझ्या शेतातला ऊसही त्याच हंगामात गेला होता, त्याचं बिलही मी घेतलं. तात्यांच्या फूटपट्टीनं मोजायला गेलो, तर यातल्या कुठल्याच माशाला नाही म्हणायची मुभा नव्हती. आणि एवढ्या मोठ्या कत्तलीत एकाही माणसाला असं वाटलं नाही की आपण कुणाला मारतो आहोत. मला सगळ्यात भीतिदायक वाटतं ते हे. आजी म्हणायची तो घास दाखवणारा हात तरी माणसाचा होता.

तात्या त्यानंतर दोन माघ जगले. नदीवर नेऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणायचे. काठी परड्यातल्या आढ्याला अडकवलेली तशीच राहिली. दोन-तीन वर्षांनी मासे परत आले, पण आले ते बहुतेक चिलापी. चिलापी घाणेरड्या पाण्यातही तग धरतो आणि काहीही खातो. त्याला गळ टाकायला माघ लागत नाही की धीर.

मामांचा नातू आता आठवडी बाजारात मासे विकतो. कटला, रोहू, चिलापी, सगळं बर्फात घातलेलं, टेम्पोनं आलेलं. तराजू इलेक्ट्रॉनिक. मला ओळखतो, कधी पैसे कमी घेतो. मागच्या माघात मी त्याच्यापुढं उभा असताना एक बाई आली, मासा उलटापालटा करून कल्ला उचकटून पाहिला आणि तिनं विचारलं, “नदीचा हाय का?” पूर्वी हा प्रश्न विचारायचे तो नदीचा असला तर दोन पैसे जास्त द्यायला.

“न्हाई मावशी,” तो घाईनं म्हणाला, “उजनी धरणाचा हाय. नदीचा आमी ठेवतच न्हाई.”

बाईनं एक किलो घेतला.